हात आत आहे

१

वॉशर हे काही मुलीचं नाव नव्हे, आणि तिच्या आईने ते कधीच मान्य केलं नाही. पण लहानपणी ती गॅरेजमध्ये सुटली की घरंगळत कुठल्या तरी गाडीखाली जायची आणि नेमकी हवी तेव्हा सापडायची नाही, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आता ती चाळिशीला आली होती, गॅरेज तिचं होतं आणि गिऱ्हाइकं तिला ताई म्हणत. वॉशर म्हणणारं माणूस मागच्या वर्षी गेलं. तरी ही गोष्ट त्या दोघांची आहे, तेव्हा आपण तिला वॉशरच म्हणू.

रोजचा क्रम ठरलेला. शटर वर करायचं, दिवे लावायचे, पाने जागच्या जागी आहेत का बघायचं आणि मग स्कोप सुरू करायचा. स्कोप म्हणजे इंजिनातल्या तारांमधून काय चाललंय त्याची रेघ पडद्यावर काढणारं यंत्र. बाबा त्याला टीव्ही म्हणत. त्यांनी स्वतः उभा जन्म लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून काढला होता, पण लेकीने हे यंत्र आणलं तेव्हा त्यांनी नाक मुरडलं नाही. उलट दुपारचं जेवण झालं की स्टूल ओढून पडद्यासमोर बसायचे आणि मालिका बघावी तसे रेघा बघत राहायचे. मधेच म्हणायचे, ही बघ, ही खोटं बोलतेय.

कामाची पद्धत सोपी होती. आजारी इंजिनाची रेघ काढायची आणि त्याच जातीच्या निरोगी इंजिनाच्या रेघेवर ठेवायची. जिथे दोघींचं जुळत नाही तिथे दुखणं. त्यासाठी वॉशर धडधाकट गाड्यांच्या रेघा यंत्रात साठवून ठेवायची, आणि गल्लीतले बाकीचे मेकॅनिक तिला हसायचे की लोक फोटो जमवतात, ही ठोके जमवते.

गॅरेजचा एक नियम मात्र स्कोपच्याही आधीचा, वॉशरच्या जन्माच्याही आधीचा होता. बाबांचा हात बोनेटखाली असताना कुणीतरी घाईने किल्ली फिरवली होती आणि उजव्या हाताची तर्जनी अर्धी गेली होती. तेव्हापासून बोनेटखालच्या माणसाने इंजिनावर पान्याने दोनदा ठोकायचं. दोन ठोके म्हणजे, हात आत आहे. काम झालं की एक ठोका. म्हणजे हात बाहेर काढला, फिरव किल्ली.

किल्लीवर बसायचं काम वॉशरचं. पाय खाली टेकत नसत तेव्हापासूनचं. उघडं बोनेट समोर भिंतीसारखं उभं, आणि त्याच्या खालच्या कडेला हातभर फट. त्या फटीतून बाबांचं तोंड दिसायचं नाही, फक्त हात दिसायचे, कोपरापर्यंत काळे. टक टक. मग ती वाट बघायची. तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वाट ती होती, असं ती अजूनही म्हणते.

२

व्हॅन आली ती सकाळीच. लाँड्रीवाल्या मावशींनी फाटकातून आत घेतली आणि वॉशरच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. रंग बदलला होता, बाजूला लाँड्रीची पाटी आली होती, पण डाव्या दाराला वरून खाली गेलेला तो ओरखडा तिने स्वतः सायकलने काढलेला होता.

ही बाबांची व्हॅन. गुडघे गेल्यावर, आता ही मला चढू देत नाही, असं म्हणून त्यांनी ती विकून टाकली होती. विकताना वॉशरने आठवण म्हणून तिच्या सगळ्या रेघा काढून घेतल्या होत्या आणि बाबांनी मुद्दाम इंजिनावर ठोकून, घे, माझाही फोटो काढ, असं म्हटलं होतं.

मावशींना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ती दोन हात पलीकडून घेतली होती. त्या साठीच्या, ठणठणीत, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. वर्षभर गाडीला दम नाही म्हणाल्या. रोज पहाटे एका झटक्यात सुरू होते, तिथे तक्रार नाही, पण चादरींचे गठ्ठे भरले आणि चढ लागला की म्हातारीसारखी बसते. दोघा-तिघांनी बघितली, सगळं बदलून झालं. आता तूच काय ते बघ पोरी, म्हणाल्या, आणि गठ्ठे भाड्याच्या टेम्पोत टाकून निघूनही गेल्या.

वॉशरला कारण सापडायला फार वेळ लागला नाही. इंजिनाच्या ठोकळ्यावर एक सेन्सर बसवलेला असतो. तो इंजिनाचा कान. पेट्रोल अवेळी पेटून आत ठोका बसला की तो ऐकतो, आणि मग गाडीचा कॉम्प्युटर इंजिन वाचवायला त्याचा जोर कमी करतो. निरोगी गाडीत या कानाची रेघ कापलेल्या गवतासारखी सपाट असते. इथे त्या गवतातून दोन उंच काटे वर आलेले होते. मग थोडी जागा. मग पुन्हा दोन काटे.

कॉम्प्युटर बिचारा बरोबर होता. कुणीतरी ठोकत होतं, आणि तो घाबरून दम आवरत होता.

तिने इंजिन बंद केलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद केलं. चार-पाच वेळा तरी. दर वेळी ते काटे होतेच, फक्त जरा बुटके झाल्यासारखे वाटले. तिने तारेचा दोष म्हणून सोडून दिलं.

मग तिचं लक्ष गेलं की इंजिन बंद आहे आणि रेघ चालूच आहे. टक टक.

३

माणसाचं डोकं अशा वेळी फार मदतीला येतं. गरम लोखंड थंड होताना टिकटिकतं, हे कुणीही सांगेल. वॉशरने व्हॅन तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनाला हात लावून पाहिला, गार होतं. टक टक. शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर असेल म्हणून ती त्याला बंद करायला सांगून आली. तो वैतागला पण त्याने केला. टक टक. तिने बॅटरीच्या तारा काढल्या. तिला स्वतःचंच हसू आलं, कारण या सेन्सरला बॅटरी लागत नाही, त्याला नुसता धक्का लागतो.

कानाला मात्र काही ऐकू येत नव्हतं. फक्त रेघ दिसत होती.

मग तिने शिकलेली गोष्ट केली. सेन्सर खोलून काढला आणि तारेसकट तळहातावर धरला. रेघ सपाट झाली. मनातल्या मनात तिने देवाचे आभार मानले. सेन्सर खराब, नवा टाकला की झालं. नवा सेन्सर कपाटात होता. तो ठोकळ्यावर बसवून शेवटचा आटा आवळला, आणि हात काढायच्या आत पडद्यावर दोन काटे उभे राहिले.

म्हणजे दोष कानाचा नव्हता. ठोकळ्यावर खरंच कुणीतरी ठोकत होतं.

खरं तर तिला हे आधीच कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि बघायला जाणं वेगळं. तिने साठवलेल्या रेघांमधून या व्हॅनची जुनी रेघ काढली, बाबांनी फोटो म्हणून ठोकलेली. ती तीन काट्यांची होती. पहिला ठसठशीत. दुसरा थोडा कमी, कारण अर्ध्या बोटामुळे पाना त्यांच्या हातात किंचित सरकायचा. मग मोठी जागा, आणि तिसरा. तिने ती आजच्या रेघेवर आणून ठेवली.

पहिल्या दोन काट्यांमधलं अंतर केसभरही इकडे-तिकडे नव्हतं. दुसरा पहिल्यापेक्षा तेवढाच कमी. दोन इंजिनांच्या रेघा अशा कधी जुळत नाहीत, एकाच माणसाच्या हाताच्या जुळतात. फरक दोनच होते. आजचे काटे जुन्यांपेक्षा फार बुटके होते, पाना नीट धरता न आल्यासारखे. आणि जुन्या रेघेत जिथे तिसरा ठोका होता, तिथे आज काहीच नव्हतं.

वॉशर स्टूल ओढून पडद्यासमोर बसली. तिला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

४

मावशींना तिने फोन करून सांगितलं की पार्ट यायचाय. साफ खोटं. मावशींनी दुसऱ्या दिवशीही विचारलं, तेव्हा पार्ट चुकीचा आला असं सांगितलं. मावशी म्हणाल्या की टेम्पोवाला नखरे करतो, गिऱ्हाइकं तुटायला लागलीत, जरा लवकर बघ. वॉशरला लाज वाटली आणि तिने फोन खिशात टाकला.

दुपारी गल्ली झोपलेली असायची. पंक्चरवाला बाकावर आडवा, रस्त्यावर एखादी सायकल, बाकी काही नाही. त्या वेळी वॉशर स्कोपचा पडदा व्हॅनच्या आत डॅशबोर्डवर ठेवायची आणि किल्लीवर बसायची. बोनेट उघडं. खाली तीच हातभर फट. आता पाय खाली नीट टेकत होते, त्याचं तिला वाईटच वाटायचं. सीटचं कापड बदललं होतं, पण ऊन पडलं की आतून जुना ऑइलचा आणि रबराचा वास यायचाच.

पडद्यावर दोन काटे यायचे. बाबा, मी आहे, असं ती म्हणायची. मग किल्लीवर हात ठेवून तिसऱ्या ठोक्याची वाट बघायची.

तो यायचा नाही. जरा वेळाने पुन्हा दोन. हात आत आहे. पुन्हा दोन. हळूहळू तिला ती वाट पूर्वीसारखी वाटेना. लहानपणी दोन ठोके आणि एक ठोका यांच्यामध्ये बाबांचं गुणगुणणं असायचं, पान्याची करकर असायची, एखादी शिवी असायची. इथे मधे काहीच नव्हतं. फटीतून ती बघायची तर काळोख्या जागेत पाइप, पट्टा आणि पंख्याची कड. एकदा तिला वाटलं की पट्ट्यामागचा काळोख जरा जास्तच आत गेलाय, तिथे एवढी जागा नसते. ती वाकून बघायला गेली नाही. आणि आता ठोक्यांमध्ये घाई होती. आधी दोन ठोके व्हायचे आणि बराच वेळ शांतता. आता दोन, लगेच दोन, लगेच दोन.

तिने किल्लीवरचा हात जरा हलवला की ते आणखी भरभर यायचे.

५

जेवताना आईने विचारलंच की हल्ली दुपारी कुठे असतेस, डबा तसाच परत येतो. वॉशरने आढेवेढे घेतले आणि मग सगळं सांगून टाकलं. आईला भूतखेत असल्या गोष्टींचा मनस्वी कंटाळा. ती झिडकारेल, असं वॉशरला वाटलं होतं, किंबहुना तिला तेच हवं होतं.

आईने हातातला घास ताटात ठेवला.

"दोनदाच ना?" ती म्हणाली. "हॉस्पिटलात पण दोनदाच."

मग तिने थांबत थांबत सांगितलं. शेवटचे काही दिवस बाबा कॉटच्या लोखंडी कठड्यावर चमच्याने ठोकत होते. तापात बरळतात तसं, म्हणून तिने वॉशरला मुद्दाम सांगितलं नव्हतं. ती बिचारी गॅरेज सांभाळून धावपळ करत होती. काय हवंय विचारलं की म्हणायचे, हात आत आहे. आणि सारखं एकच मागायचे. किल्ली दाखव, किल्ली दाखव. आईला वाटलं कपाटाची किल्ली मागतायत. ती म्हणायची, घरी आहे हो, जपून ठेवलीये. त्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही.

वॉशर उठून उभी राहिली. हात न धुताच.

नियमाचा अर्धा भाग ती विसरली होती. एकटीने काम करायला लागल्यापासून किल्लीवर बसायला दुसरं कुणी नव्हतंच, मग तो मोडीत निघाला होता. दोन ठोके ऐकले की किल्लीवरच्या माणसाने किल्ली काढायची आणि खिडकीबाहेर हात काढून हलवून दाखवायची. ती दिसली की बाबा निश्चिंत व्हायचे, मगच सावकाश हात बाहेर घ्यायचे. ती दिसली नाही तर ते जागचे हलत नसत, दोनच ठोके देत राहायचे. आणि ती इतके दिवस किल्ली आत खुपसून, वर हात ठेवून, प्रेमाने वाट बघत बसली होती.

पण ती ताटावरून उठली ती एवढ्यामुळे नाही. वर्षभर, रोज पहाटे, एका झटक्यात, असं मावशी म्हणाल्या होत्या. तिने स्वतःही पहिल्या दिवशी चार-पाच वेळा इंजिन सुरू केलं होतं, आणि दर वेळी काटे बुटके झाले होते.

६

सकाळी ती फाटकाशी पोचली तेव्हा मावशी आधीच आलेल्या होत्या. पंक्चरवाल्याकडे गॅरेजची एक किल्ली असायची, त्याने शटर उघडून दिलं होतं. मावशी व्हॅनमध्ये बसल्या होत्या, बोनेट तसंच उघडं होतं, आणि त्यांचा हात किल्लीकडे गेलेला होता.

"मावशी, थांबा. हात आत आहे."

मावशी थबकल्या. त्यांनी काचेतून वॉशरकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात तिच्याजवळ होते, एकात डबा, एकात छत्री.

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

वॉशरने डबा खाली ठेवला, स्कोपची तार लावली, पडदा स्टुलावर ठेवला, आणि आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाली की आमच्याकडे एक पद्धत आहे. किल्ली काढा आणि खिडकीबाहेर धरून जरा हलवून दाखवा. मावशींना गंमत वाटली. त्यांनी किल्ली काढली आणि जाड बांगड्यांचा हात बाहेर काढून झुंबरासारखी हलवली.

"कुणाला दाखवू?"

"नुसती धरा. मी सांगेपर्यंत."

पडद्यावर दोन काटे आले, अगदी पुसट. वॉशर मागे सरकत सरकत भिंतीला टेकली आणि तिने दोन्ही हात डांगरीच्या खिशात घातले. तिथून तिला बोनेटची फक्त पाठ दिसत होती आणि मावशींना ती दिसत नव्हती. तिला पुढे जाऊन वाकून बघावंसं वाटत होतं. तिला बाबांचे हात एकदा बघायचे होते. कोपरापर्यंत काळे, नखांत ऑइल, कितीही घासले तरी न निघणारं. तरी ती गेली नाही. बोनेटखालच्या माणसाची घाई करायची नाही, हे तिला बोलायला यायच्या आधीपासून येत होतं.

मावशी म्हणाल्या, हात भरून आला. वॉशर म्हणाली, थोडंच.

मग ठोका झाला. एकच. पडद्यावर काटा आला, आणि या वेळी तो कानांनीही ऐकू आला, लोखंडावर लोखंड, हलका, दमलेला. त्यानंतर रेघ सपाट झाली. वॉशर बघत राहिली. गवत कापल्यासारखी सपाट, आणि तशीच राहिली.

"फिरवा," ती म्हणाली.

इंजिन सुरू झालं आणि असं सुरू झालं की मावशींनी गाल फुगवून मान डोलावली. वॉशरने पुढे येऊन डोळे मिटून बोनेट खाली घेतलं आणि दाबून लावलं. मावशींनी फाटकापर्यंत नेऊन आणली, जोर बघितला, कौतुक केलं. मग खिडकीतून वाकून त्यांनी आवाज खाली आणला. चांगल्या बायका दुसऱ्याच्या वर्मावर बोट ठेवताना आणतात तसा.

"मगाशी हात बाहेर घेतलास ना, तेव्हा फटीतून दिसला मला. कशी गं गेली एवढी बोटं? अंगठा तेवढा शाबूत राहिलाय. आणि त्या हाताने पाना धरतेस?"

बाबांचं एकच बोट गेलं होतं. तेही अर्धं.

वॉशरचे हात पुन्हा खिशात होते. तिने ते बाहेर काढले नाहीत.

"जुनं आहे, मावशी."

"दुखतं का?"

"आता नाही," ती म्हणाली, आणि ते खरं असावं म्हणून तिने खिशातल्या मुठी घट्ट आवळून धरल्या.